कोयनेचं पाणी वीज दिल्यावर नदीत परत येतं का?

‘जलविद्युतला पाणी खर्च होत नाही, टर्बाइन फिरवून ते पुन्हा नदीतच जातं’ हे आपण शाळेपासून ऐकतो. धरणाच्या पायथ्याशी वीजगृह असेल, तर ते खरंच आहे. कोयनेत मात्र बहुतांश वीज अशी होत नाही.

कोयना ही कृष्णेची उपनदी, म्हणजे पाणी मुळात पूर्वेला सांगलीकडे आणि पुढे कर्नाटकात जाणारं. वीजनिर्मितीसाठी ते बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला, पोफळीकडे सोडतात. तिथून ते वाशिष्ठीला मिळून अरबी समुद्रात जातं. राज्यांमधलं पाणीवाटप ठरवणाऱ्या कृष्णा लवादाने यासाठी वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) मंजूर केले. कृष्णाकाठासाठी हे पाणी गेलंच.

मग पश्चिमेचं पाणी बंद करा, असं चटकन वाटतं. पण ही वीज संध्याकाळच्या वाढत्या मागणीला मिनिटांत उभी राहते. तिच्या जागी कोळसा जाळला, तर युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि औष्णिक केंद्रालाही पाणी लागतंच. 2013 च्या दुष्काळात परळीचे संच पाण्याअभावीच बंद पडले होते. साताऱ्यात वाचवलेल्या पाण्याचा भार असा औष्णिक केंद्रं असलेल्या मराठवाड्यावर किंवा विदर्भावर पडू शकतो, आणि हा हिशेब मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.