दुसरी जर्सी शिवायला टाकण्याआधी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या फुटबॉल टीमच्या कप्तान आणि व्यवस्थापकांसाठी

स्पर्धांचे दिवस आले की आमच्या जर्सी छापून शिवायच्या दुकानात एकच फोन येतो : "समोरच्या टीमची जर्सी आमच्यासारखीच आहे, उद्या सकाळपर्यंत वेगळा सेट मिळेल काय?" यातल्या निम्म्या टीमकडे दुसरा सेट असतो. तरीही ही वेळ येते, कारण तो निवडताना एकच चूक झालेली असते.

पहिला सेट मरून, म्हणून दुसरा नेव्ही ब्लू. हातात घेतले की दोन्ही रंग अगदी वेगळे. पण दोन्ही गडद. समोरची टीम काळ्या जर्सीत उतरली की मरूनही अडतो आणि नेव्हीही. मग दोन सेटचे पैसे भरून शेवटी अंगावर बिब (जर्सीवरून घालायची बिनबाह्यांची बंडी) चढते, पाठीवरचा नंबर तिच्याखाली जातो आणि कार्ड कुणाला दाखवायचे यावरून वाद. पहिली लाल-काळी आणि दुसरी तीच उलटी काळी-लाल, हा त्याच चुकीचा दुसरा प्रकार. दिसायला देखणी, अडचणीला निरुपयोगी.

म्हणून एक सेट गडद आणि दुसरा फिका. रंगाचे नाव नंतर ठरवा. दोन्ही जर्सी उन्हात शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. दोन्ही सारख्याच करड्या दिसल्या तर एक बदला. लाल आणि हिरव्यातला फरक ज्यांना नीट दिसत नाही, त्यांनाही जर्सी मुख्यतः अशा गडद-फिक्या फरकावरूनच ओळखू येतात आणि असा दोष पुरुषांत जास्त असतो. २०१८ च्या विश्वचषकात रशिया लाल आणि सौदी अरेबिया हिरव्या जर्सीत सलामीचा सामना खेळले, तेव्हा अशा प्रेक्षकांची हीच तक्रार होती. आमच्याकडून नमुना येतो तो म्हणूनच दोन चित्रांत, एक रंगीत आणि एक करडे. करड्या चित्राला होकार आल्याशिवाय आम्ही छपाईला घेत नाही. यात एक दिवस जातो हे खरे, पण छापलेले कापड परत पांढरे करता येत नाही.

बारीक पट्टे लांबून एकमेकांत मिसळतात. लाल-पांढरे बोटभर पट्टे पलीकडच्या टचलाइनवरून गुलाबी दिसतात. पट्टे हवेच असतील तर तळहाताएवढे रुंद घ्या. राखाडी रंग आम्ही सुचवत नाही. १३ एप्रिल १९९६ ला साउदॅम्प्टनच्या मैदानावर राखाडी जर्सीतली मँचेस्टर युनायटेड मध्यंतरालाच ३-० ने मागे होती. सहकारी गर्दीत दिसत नाहीत म्हणून त्यांनी जर्सी बदलली, सामना ३-१ ने गेला.

फिका सेट म्हटले की सगळे पांढरा मागतात. आपल्याकडची लाल माती विसरू नका. पावसात उत्तरार्धापर्यंत पांढरी जर्सी तांबूस होते, लिंबू-पिवळी तर भगव्याच्या जवळ जाते आणि भगव्या जर्सीच्या टीम आपल्या भागात काही कमी नाहीत. आमच्या मते आकाशी सगळ्यात बरा, चिखलातही त्याचा निळेपणा टिकतो.

गोलीची जर्सी शेवटी आठवते. नियमाप्रमाणे ती दोन्ही टीमच्या खेळाडूंपेक्षा आणि रेफ्रीपेक्षा वेगळी लागते. (दोन्ही गोलींची जर्सी एकसारखी निघाली आणि कुणाकडेच दुसरी नसेल, तर रेफ्री सामना खेळू देतो.) गोलीला दोन जर्सी द्या, एक पोपटी आणि एक गुलाबी किंवा जांभळी. आतला फुल बाहीचा टी-शर्ट जर्सीच्या बाहीच्या रंगाचा आणि टाइट्स शॉर्ट्सच्या रंगाची लागते, मोज्यावरची टेपसुद्धा मोज्याच्याच रंगाची. दुसऱ्या सेटबरोबर मोजेही बदला. धक्काबुक्कीत पाय कुणाचा हे रेफ्री मोज्यावरूनच ओळखतो.

आता एका रात्रीत का होत नाही ते. सबलिमेशनमध्ये, म्हणजे कागदावरची शाई उष्णतेने कापडात उतरवायच्या छपाईत, प्रत्येक मापाची मांडणी वेगळी करावी लागते. ती कागदावर छापायची, पांढऱ्या पॉलिस्टरवर सुमारे २०० अंश उष्णतेला मिनिटभर दाबायची, मग कटिंग आणि शिलाई. १८ जर्सी आणि गोलीच्या दोन, एवढ्याला आम्ही आठ दिवस मागतो. अगदीच अडले तर तयार प्लेन जर्सीवर नंबर दाबून देतो, पण शिल्लक असतील त्याच मापांत. नंबरचा रंगही जर्सीच्या उलट ठेवा, मरूनवर काळा नंबर दहा पावलांवरून वाचता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून रंग जुळवून मागू नका. स्क्रीनवरचा झगमगता हिरवा साध्या शाईत उतरत नाही. दुकानात येऊन कापडाचे तुकडे बघा आणि ट्यूबलाइटखाली न बघता दारात उन्हात धरा. लांबच्या टीमना आम्ही तुकडे पाकिटातून पाठवतो. नंतर वाढवलेल्या दोन-तीन जर्सीत छटेचा थोडा फरक पडतो, कारण कापडाचा लॉट बदललेला असतो. त्यासाठी प्रत्येक सेटमध्ये दोन जर्सी बिननंबरच्या जादा घेऊन ठेवा.

दोन्ही सेट एकदम टाकल्यास डिझाइनचे पैसे एकदाच पडतात आणि बिबचा एक संच सोबत देतो. येताना जुनी जर्सी आणि नाव, नंबर, माप यांची कागदावर लिहिलेली यादी आणा. तोंडी सांगितलेल्या यादीत ६ चा ९ होतो.