सायलेन्सरमधला ऑक्सिजन मोजताना

एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. सोलापुरात हिवाळी सकाळी 15 अंशांत या प्रमाणावर बसवलेला कार्बोरेटर मे महिन्यातल्या 43 अंशांत तसा राहत नाही. हवा जवळजवळ नऊ टक्के विरळ होते आणि प्रमाण 14 च्या आसपास येतं. प्लग काळा निघाला की पेट्रोल जास्त, पांढरा निघाला की कमी, हे मेकॅनिक अचूक ओळखतो. पण एवढासा फरक रंगात उतरत नाही. तो आकड्यात पाहायला वाइडबँड सेन्सरचा, म्हणजे धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणाऱ्या सेन्सरचा, मीटर हवा, आणि तो घरी जमतो.

साधा ऑक्सिजन सेन्सर 14.7 पाशी 0.1 वरून 0.9 व्होल्टवर झेप घेतो. पेट्रोल जास्त की कमी एवढंच त्यातून समजतं, किती ते समजत नाही. वाइडबँडमध्ये झिर्कोनिया या सिरॅमिकचे दोन घट (सेल) असतात. तापलेल्या झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन वाहतात. मधल्या बारीक पोकळीत थोडा धूर शिरतो. पहिल्या घटावर 450 मिलिव्होल्ट कायम राहावेत म्हणून दुसरा घट पंपासारखा ऑक्सिजन बाहेर काढतो. पेट्रोल जास्त असेल तर उलट आत आणतो. त्यासाठी किती मिलिअँपिअर लागले, यावरून प्रमाण कळतं. मला या रचनेतला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

बॉशचा एलएसयू 4.9 हा वाइडबँड सेन्सर, तो चालवणारी सीजे125 चिप आणि अर्डुइनो हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड एवढ्यावर काम भागतं. खरी कसोटी हीटरची. पहिल्या घटाचा रोध 300 ओहम झाला म्हणजे तापमान सुमारे 780 अंश, त्यामुळे वेगळा थर्मामीटर लागत नाही. मात्र थंड, ओलसर पाइपात एकदम 12 व्होल्ट दिले तर सिरॅमिक तडकतं. व्होल्टेज हळूहळू चढवावं. सेन्सरसाठी 18 मिलिमीटर आट्यांचा नट पाइपावर वेल्डिंग करून घ्यावा, थोडा वर कललेला, म्हणजे पाणी साचत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत हे काम होऊन जाईल. जवळ सिलिकॉन सीलंट लावू नये, त्याची वाफ सेन्सर निकामी करते. हीटर बंद ठेवून गाडी पळवली तर काजळी बसते.

आकडा लॅम्बडात दाखवावा, म्हणजे मिळालेली हवा भागिले लागणारी हवा; 1 च्या वर गेला की पेट्रोल कमी. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे 13.5 पट हवाच पुरते, त्यामुळे वरचा कार्बोरेटर हिवाळ्यात 1.09 दाखवेल आणि मे महिन्यात 1.04. म्हणजे जुन्या गाडीला पेट्रोल कमी पडण्याची वेळ सोलापुरात डिसेंबरच्या पहाटेची असते, मीटर आधी तेव्हा लावून पाहावा.