स्क्लेरोडर्मा आणि ‘स्टेम सेल’: आधी केमो आहे का, ते विचारा

हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून पाहा. सहज उचलली जाते. सिस्टेमिक स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी आणि आतले अवयव आखडवणारा आजार, बळावलेल्या माणसाची उचलत नाही, इतकी ती घट्ट झालेली असते. डॉक्टर अशी चिमटी अंगावर १७ ठिकाणी घेतात आणि प्रत्येक जागेला ० ते ३ गुण देतात. पुढे फुप्फुसेही आखडू लागली की घरचे लोक रात्र रात्र मोबाइलवर शोधत बसतात, आणि ‘स्टेम सेल थेरपी’ हे शब्द समोर येतात. या एका नावाखाली दोन अगदी वेगळे उपचार आहेत.

एक म्हणजे रुग्णाच्याच रक्तमूळपेशींचे (रक्त तयार करणाऱ्या ‘स्टेम सेल’चे) प्रत्यारोपण. यात मूळपेशी हे औषध नाहीच. औषध आहे ती जबर केमोथेरपी आणि सोबतचे अँटीथायमोसाइट ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी मारणारे औषध. आपल्याच शरीरावर उलटलेली प्रतिकारशक्ती त्यांनी जवळजवळ पुसून काढायची. त्यात अस्थिमज्जाही, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा गरही, खचते, म्हणून मूळपेशी आधीच रक्तातून काढून गोठवून ठेवतात आणि केमोनंतर शिरेतून परत देतात. रोग पडलेले पीक उपटून रान मोकळे करायचे आणि राखून ठेवलेल्या बियाण्याने पुन्हा पेरायचे, तसे. रोग हटवते ती नांगरट. बियाणे असते ते रान पडीक राहू नये म्हणून.

युरोपातल्या ‘अ‍ॅस्टिस’ चाचणीत १५६ रुग्ण होते. २०१४ साली आलेल्या निकालात प्रत्यारोपण झालेले लोक पुढे अधिक काळ जगल्याचे दिसले. पण त्या गटातल्या ७९ पैकी ८ जण पहिल्याच वर्षी उपचारामुळे दगावले. हा आकडा रुग्णाला आणि घरच्यांना सही करण्याआधी कळलाच पाहिजे. हृदयाची कसून तपासणी केल्याशिवाय हा उपचार करत नाहीत, तो याच धोक्यामुळे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ‘स्कॉट’ चाचणीतही ५४ महिन्यांनंतर प्रत्यारोपणच सरस ठरले.

दुसरा उपचार म्हणजे पोटाच्या चरबीतून किंवा नाळेतून मिळवलेल्या मेसेन्कायमल पेशींची (दुसऱ्या एका प्रकारच्या मूळपेशींची) इंजेक्शने. केमो नाही, केस गळणे नाही. इथे प्रतिकारशक्ती पुसली जात नाही. पेशींनी सोडलेल्या रसायनांनी दाह कमी होईल, एवढी आशा असते. अमेरिकेत ८८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत चरबीतल्या पेशी बोटांत टोचून पाहिल्या. हाताच्या कामाच्या मुख्य निकषावर नुसत्या दिखाऊ इंजेक्शनपेक्षा ठोस फरक दिसला नाही. संशोधन जरूर व्हावे. पण पहिल्या उपचाराचे यश दाखवून कुणी दुसऱ्याचे पैसे मागत असेल, तर ती आजारी माणसाची सरळ फसवणूक आहे.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्तमूळपेशींच्या प्रत्यारोपणासाठी मान्य केलेले आजार सोडले तर भारतात मूळपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. म्हणून दवाखान्यात गेलात की ‘आधी केमो आहे का?’ हे विचारा. ‘नाही’ म्हणाले, तर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा आणि घरी येऊन त्या संकेतस्थळावर तो स्वतः टाकून बघा. तोवर आगाऊ पैसे भरू नका, आणि संधिवाततज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नका.