‘बेटर’ आणि ‘बेहतर’: चेहरा सारखा, कूळ वेगळं

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक संदेश आला. इंग्रजीतला ‘बेटर’ म्हणे फारसीतल्या ‘बेहतर’वरून उचललेला आहे. त्याखाली एकाने लगेच भर घातली, की फारसी तर संस्कृतातूनच निघाली, म्हणजे ‘बेटर’ आपलाच! संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारताना शेजारच्या काकांनीही तेच ऐकवलं. अर्थ एक, उच्चार जवळजवळ एक, कोणालाही पटेल. पण भाषाविज्ञानात नुसत्या चेहऱ्यावरून नातं ठरत नाही. शब्द उकलून आतले सांधे बघावे लागतात.

‘बेहतर’ची फोड बेह + तर. यातला ‘तर’ म्हणजे आपल्या ‘लघुतर’, ‘उच्चतर’मधला तोच प्रत्यय. म्हणजे फारसीत ‘त’ हा प्रत्ययाचा आहे. ‘बेटर’मधला ‘ट’ मात्र मूळ धातूचा आहे. इंग्रजीची जुनी चुलत बहीण गॉथिक. तिच्यात हा शब्द ‘बतिझा’ असा आहे, आणि ‘बेस्ट’साठी ‘बतिस्त’. फोड होते बत + इझ आणि बत + इस्त. पुढे इंग्रजीच्या पूर्वजात ‘झ’चा ‘र’ झाला. (‘वॉज’मध्ये स-झ टिकला आणि ‘वेअर’मध्ये ‘र’ आला, तो याच बदलामुळे.) शिवाय पुढच्या ‘इ’ने मागच्या ‘अ’ला ओढून ‘ए’ केलं. अशा रीतीने ‘बतिझ’चा ‘बेटर’ झाला. ‘टर’ हा तुकडा तिथे कधी नव्हताच.

आता हे ‘इझ’ आणि ‘इस्त’ नीट पाहा. संस्कृतात लघु, लघीयस्, लघिष्ठ अशी रूपं होतात. त्यातल्या ‘ईयस्’ आणि ‘इष्ठ’ यांचेच ते सगेसोयरे. इंग्रजीतला ‘-अर’ आपल्या ‘तर’चा कोणी नाही, ‘ईयस्’चा आहे! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती. पण यावरून इंग्रजी संस्कृतातून निघाली असं ठरत नाही. दोघी एका तिसऱ्या, लिहून न ठेवलेल्या भाषेच्या लेकी आहेत. ‘भ्राता’, फारसी ‘बरादर’ आणि ‘ब्रदर’ हे खरे भाऊ. ‘बेटर’ आणि ‘बेहतर’ योगायोगाने सारखे. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचंही तसंच. अभिमानासाठी खोटी वंशावळ कशाला हवी? खरी वंशावळच इतकी देखणी आहे.

कारण ‘बेह’चा खरा नातेवाईक आपल्या घरातच बसलेला आहे: वसिष्ठ. संस्कृतात वसु म्हणजे चांगला, आणि त्याचं श्रेष्ठत्व दाखवणारं रूप वसिष्ठ, म्हणजे सर्वोत्तम. संस्कृत ‘स’च्या जागी इराणी भाषांत ‘ह’ येतो (सप्त आणि हप्त, आपला ‘हप्ता’ तिथलाच), म्हणून अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, ‘वहिश्त’. फारसीत सुरुवातीच्या ‘व’चा ‘ब’ होतो (वात आणि बाद), म्हणून ‘बेहेश्त’, म्हणजे स्वर्ग. टेंभी नाक्याच्या अग्यारीत जाणाऱ्या पारशी मंडळींच्या पंचांगातला दुसरा महिना अर्दीबेहेश्त. त्यात हा वसिष्ठाचा भाऊ दर वर्षी येतो.

आणखी एक गंमत. ‘बेह’ हा शब्द मुळातच ‘अधिक चांगला’ या अर्थाचा होता. तो अर्थ झिजला, तेव्हा लोकांनी त्यावर पुन्हा ‘तर’ चढवला. इंग्रजीत ‘लेस’ला पुन्हा ‘-अर’ लावून ‘लेसर’ झालं. यजुर्वेदात ‘श्रेष्ठतम’ आहे. ‘श्रेष्ठ’ म्हणजेच सर्वोत्तम, तरी त्यावर ‘तम’.

हे आठवलं माझ्या भाचीमुळे. तिने निबंधात ‘मोअर बेटर’ लिहिलं आणि बाई वर्गात हसल्या. आजच्या प्रमाण इंग्रजीत ती चूकच आहे, पण हसण्यासारखी नाही. मराठी विशेषण तुलनेसाठी आपलं रूप बदलत नाही. ‘पेक्षा’ (मूळ संस्कृत ‘अपेक्षा’) किंवा ‘अधिक’ बाहेरून येऊन काम करतात, ‘चांगला’ जागचा हलत नाही. म्हणून आपल्या कानाला ‘बेटर’ हा ‘चांगला’सारखाच एकसंध शब्द वाटतो आणि त्याआधी ‘अधिक’ हवंसं वाटतं. ‘बेह’वर ‘तर’ चढवणाऱ्यांनाही असंच वाटलं होतं. तिला मी हे सगळं सांगितलं. तिने वहीत ‘मोअर’ खोडलं आणि विचारलं, “मग वसिष्ठांपेक्षा चांगलं कोणी असेल तर त्याला काय म्हणायचं?”