ताशी साडेसहा किलोमीटरचं भांडण

'इलेक्ट्रिक गाडीला गिअरच नसतो' हे वाक्य शोरूममध्ये हमखास ऐकू येतं. गिअर असतो. एकच असतो आणि तो बदलावा लागत नाही, एवढंच. मोटरच्या साधारण नऊ फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी होते. विचारायला हवं ते हे, की पेट्रोलच्या गाडीला पाच-सहा गिअर लागतात, मग हिचं एकावर कसं भागतं?

पेट्रोल इंजिनाला चालू राहायचं तर फिरत राहावंच लागतं. मिनिटाला 800 फेऱ्यांच्या फार खाली गेलं की ते आचके देत बंद पडतं. छोट्या हॅचबॅकमध्ये पहिल्या गिअरला इंजिनाच्या साधारण 14 फेऱ्यांत चाक एकदा फिरतं. 800 भागिले 14, म्हणजे चाकाच्या मिनिटाला 57 फेऱ्या. चाकाचा घेर धरा 1.9 मीटर. उत्तर येतं ताशी साडेसहा किलोमीटर. संध्याकाळी सातला नागपूरच्या व्हरायटी चौकात गाड्या याहून हळू सरकतात. तेव्हा इंजिन आणि चाक थेट जोडताच येत नाहीत, मधे क्लच प्लेट घसरवावी लागते. हाच हाफ क्लच.

या घसरण्याची किंमत मोजता येते. हजार किलोची गाडी उड्डाणपुलाच्या पाच टक्के चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर धरून ठेवली, तर प्लेटवर सुमारे एक किलोवॉट उष्णता तयार होते. घरातली साधी इस्त्री साधारण एवढीच असते. ती सिग्नलचे 90 सेकंद, मे महिन्यात 45 अंशांत. मग जळका वास येतो, प्लेटचं अस्तर झिजतं, इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. एएमटीवाल्यांनी, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीवाल्यांनी, खूश होऊ नये. त्यांच्या गाडीतही हाच क्लच आहे, फक्त पाय संगणकाचा. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी रोखू नका, ब्रेक दाबा. चढावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारा हिल होल्ड दोनेक सेकंदच टिकतो, लांब सिग्नलला न्यूट्रल आणि हँडब्रेक. पुढच्या गाडीमागे दर दोन फुटांना सरकण्यापेक्षा जागा होऊ द्या आणि एकदाच पुढे जा.

मोटरचं गणित मुळातच उलटं. वेटोळं आणि चुंबक एकमेकांसापेक्ष फिरले की विद्युतदाब तयार होतो, हे दहावीत झालेलं आहे. मोटर चालवतानाही ते घडतं आणि हा दाब बॅटरीच्या दाबाविरुद्ध उभा राहतो. गाडी थांबलेली असताना हा विरोधी दाब शून्य. प्रवाहाला अडवायला तारेचा किरकोळ रोध तेवढा उरतो, म्हणून बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या इन्व्हर्टरलाच प्रवाहाला लगाम घालावा लागतो. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, प्रवाहाच्या प्रमाणात, म्हणून शून्य फेऱ्यांवरच पूर्ण टॉर्क. क्लचची गरजच संपली.

फेऱ्या वाढतात तसा विरोधी दाब वाढतो आणि बॅटरीच्या दाबाला भिडू लागतो. मग मोटर सांभाळणारा संगणक, म्हणजे कंट्रोलर, प्रवाहाचा काही भाग चुंबकक्षेत्र कमकुवत करण्यात खर्च करतो. शक्ती जवळपास तेवढीच राहते, टॉर्क मात्र उतरत जातो. समृद्धी महामार्गावर 120 ला मोटर साडेनऊ हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते. सिग्नलवरून सुटतानाचा तो झटका तिथं ओव्हरटेकला जाणवत नाही, त्याचं कारण हे. जाहिरातीत फक्त सिग्नलचा झटका दाखवतात.

ॲक्सिलरेटर सोडला की हाच दाब बॅटरी भरतो, गाडीही मंदावते. पण बॅटरी 100 टक्के भरलेली असेल तर वीज ठेवायला जागा नसते, हे मंदावत वीज परत भरणं, म्हणजे रिजन, जवळजवळ बंद होतं. घरून पूर्ण चार्ज करून निघालात तर पहिल्याच उतारावर गाडी 'धरत नाही' असं वाटतं. बिघाड नाही तो. चाकाखाली चिरडलेल्या लिंबाचाही त्याच्याशी संबंध नाही. रोज 80-90 टक्क्यांवर थांबा.

आणि चढावर ॲक्सिलरेटरने गाडी रोखायची सवय इथंही सोडा. मोटर जागीच थांबलेली असते, त्यामुळे प्रवाह सगळ्या वेटोळ्यांत फिरत राहत नाही, ठरावीक फेजमध्येच, म्हणजे वेटोळ्यांच्या एखाद्या गटातच, अडकतो आणि इन्व्हर्टरचे तेवढेच स्विच तापतात. जास्त तापले की कंट्रोलर आपणहून शक्ती कमी करतो आणि गाडी हळूच मागे येऊ शकते.