रूट प्रमाणपत्रांची निर्यात

डेस्कटॉप संगणकाने विश्वासार्ह मानलेली मूळ सुरक्षा प्रमाणपत्रे त्याच्या साठ्यातून फाइलच्या रूपात बाहेर काढण्याच्या क्रियेस रूट प्रमाणपत्रांची निर्यात म्हणतात. एखादे संकेतस्थळ किंवा डिजिटल स्वाक्षरी खरी आहे की नाही हे ठरवताना संगणक प्रमाणपत्र कोणी दिले, त्या देणाऱ्याला कोणी मान्यता दिली, असे एकेक पायरी वर जात तपासतो. ही साखळी ज्या स्वतःच स्वतःवर स्वाक्षरी केलेल्या प्रमाणपत्रापाशी थांबते, ते रूट होय. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये नेमलेल्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांचे (सीसीए), म्हणजे प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्यांचे, स्वतंत्र रूट असून ‘सीसीए इंडिया २०२२’ हे त्यांपैकी होय; आधीच्या ‘सीसीए इंडिया २०१४’ची मुदत २०२४ मध्ये संपली.

मराठवाड्यात या क्रियेची गरज बहुधा सातबाऱ्यामुळे पडते. जालना किंवा हिंगोलीकडच्या सेवा केंद्रात पीककर्जासाठी उतरवून घेतलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा अॅडोबी रीडरमध्ये उघडला, की स्वाक्षरीपाशी हिरव्या खुणेऐवजी पुष्कळदा प्रश्नचिन्ह दिसते आणि उतारा बनावट असल्याची शंका घेतली जाते. उताऱ्यात मात्र दोष नसतो. रीडर स्वतःची वेगळी विश्वासयादी पाहतो आणि तीत हे रूट नसेल, तर स्वाक्षरी कोणाच्या भरवशावर मानायची हे त्याला ठरवता येत नाही. अशा वेळी ज्या संगणकाच्या साठ्यात ते रूट आहे तेथून ते काढून रीडरला द्यावे लागते.

विंडोजमध्ये ‘सर्टएमजीआर डॉट एमएससी’ (certmgr.msc) ही आज्ञा दिल्यावर उघडणाऱ्या खिडकीत ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन अथॉरिटीज’ या कप्प्यातील हव्या त्या प्रमाणपत्रावर उजवी क्लिक करून ‘ऑल टास्क्स’मधून ‘एक्सपोर्ट’ निवडतात. पुढे फाइलचा प्रकार विचारला जातो: डीईआर ही द्विमान, म्हणजे मजकूर म्हणून वाचता न येणारी, फाइल असते, तर बेस-६४ साध्या मजकुराच्या रूपात असल्याने नोटपॅडमध्येही उघडते आणि बहुतेक ठिकाणी चालते. येथे दिसणारी यादी पूर्ण असतेच असे नाही, कारण विंडोज बरीचशी रूट प्रमाणपत्रे गरज पडेल तेव्हाच मायक्रोसॉफ्टकडून मागवून घेते. इंटरनेट नसलेल्या कार्यालयीन संगणकावर ती येतच नाहीत.

रूट प्रमाणपत्रात केवळ सार्वजनिक किल्ली, म्हणजे स्वाक्षरी पडताळण्यासाठी सर्वांना खुली असलेली किल्ली, असते, गुप्त असे काही नसते. जिने स्वाक्षरी केली जाते त्या, तलाठ्याच्या यूएसबी टोकनमधील, खासगी किल्लीशी या निर्यातीचा काही संबंध नाही. म्हणून ही फाइल कोणाच्या हाती पडली तरी बिघडत नाही, पण वाटेत कोणी बदलली तर सगळेच बिघडते. दुकानातून पेनड्राइव्हवर आलेले रूट डोळे झाकून बसवणे हे, पासवर्ड सांगण्याइतकेच, अविचाराचे आहे. प्रमाणपत्र उघडल्यावर दिसणाऱ्या ‘डिटेल्स’मधील थंबप्रिंट, म्हणजे ४० अंकाक्षरांची ओळ, नियंत्रकांनी प्रसिद्ध केलेल्या ओळीशी ताडून पाहावी, त्याच पेनड्राइव्हमधल्या चिठ्ठीशी नव्हे.

अधिकृत रूटही संकटमुक्त नसते. जुलै २०१४ मध्ये एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या प्रमाणन यंत्रणेतून गुगलच्या काही डोमेनसाठी, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांसाठी, अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. भारतीय रूट मायक्रोसॉफ्टच्या साठ्यात असल्याने विंडोजवरील बहुतेक प्रोग्राम ती मान्य करत होते, फायरफॉक्स मात्र स्वतःचा साठा वापरत असल्याने सुटला.

मॅकवर हेच काम ‘कीचेन अॅक्सेस’मधून होते. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये ‘इटीसी’खालील ‘एसएसएल’ फोल्डरमधल्या फाइलींची नक्कल पुरते. जावा या प्रोग्रामिंग प्रणालीचा साठा निराळाच असतो आणि जावा १८च्या आधीच्या आवृत्त्यांत त्याचा मूळ पासवर्ड, ‘चेंजइट’, बहुतेक ठिकाणी कोणी बदललेला नसतो.