बॅकस्टोरीचा भाग आणि कॅरेक्टरचा भाग: परीक्षण लिहिताना होणारी गल्लत

हौशी लेखकांच्या ॲक्शन कथामालिका मी गेली कित्येक वर्षं वाचते आहे आणि त्यांची परीक्षणंही लिहिते. नोकरी सांभाळून, रात्री जेवणं उरकल्यावर मोबाइलवर टाइप करून दर आठवड्याला नवा भाग देणाऱ्या या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. अशा मालिकेत पाच-सहा भाग पाठलाग, गोळीबार, सुटका असं चाललेलं असतं. मग एक भाग असा येतो की सगळी धावपळ थांबते आणि लेखक पथकातल्या एकाच माणसापाशी मुक्काम करतो. त्यावर परीक्षणात लिहिलं जातं, ‘कॅरेक्टर डेव्हलपमेंट छान.’ नाहीतर एकदम उलट, ‘काहीच घडलं नाही, फिलर भाग.’ हे दोन्ही शेरे बऱ्याचदा चुकतात. अशा भागांत दोन जाती असतात, बाहेरून त्या सारख्याच दिसतात, आणि आपण दोघींना एकाच नावाने हाक मारतो.

बॅकस्टोरीच्या भागात माणसाच्या वाट्याला काय आलं ते कळतं. कॅरेक्टरच्या भागात तो माणूस काय पत्करतो आणि काय नाकारतो ते कळतं.

एक उदाहरण घेऊ. समजा मालिका मुंबईतल्या बॉम्ब शोधक व नाशक पथकाची आहे आणि हा भाग पथकातल्या हवालदारबाईंचा आहे. एक लेखक तो असा लिहील: सुरुवातीलाच फ्लॅशबॅक. वडील दारूत बुडालेले, आई चार घरची धुणीभांडी करणारी, धाकटा भाऊ स्फोटात गेलेला. त्याच्या चितेसमोर तिने पोलिसात जायची शपथ घेतलेली. शेवटी आपण वर्तमानात येतो, ती पट्टा आवळते आणि म्हणते, ‘आता हिशेब चुकता करायचा.’ वाचताना डोळ्यांत पाणी येतं, आणि ते खोटं नसतं. पण पुढच्या भागात ती नेमकं तेच करते जे मागच्या भागात करत होती. आपल्याला तिची माहिती मिळाली, पण ती जिथल्या तिथेच राहिली.

आता तोच भाग दुसऱ्या तऱ्हेने. रात्री अडीचला लोकमान्य टिळक टर्मिनसवर बेवारस बॅग असल्याचा कॉल येतो. सोबतचा शिपाई नवखा, लग्नाला महिना झालेला. आज बॅगेपाशी जायची पाळी त्याची आहे आणि तो तयारही आहे. बाई त्याच्या हातातलं हेल्मेट काढून घेतात आणि सांगतात, ‘गाडीतून दोरी आण.’ दोरी त्यांच्या खांद्यावरच आहे. ती त्याला दिसते आहे, आणि त्याला दिसते आहे हे बाईंनाही माहीत आहे. तो मुकाट्याने गाडीकडे जातो. बॅगेत निघतो लाडवांचा डबा आणि लहान मुलाचा स्वेटर. परतताना गाडीत तो विचारतो, ‘मॅडम, माझ्यावर भरवसा नाही का?’ बाई उत्तर देत नाहीत. संपूर्ण भागात भावाचा उल्लेख म्हणाल तर एवढाच, की घाईत त्यांनी या पोराला दोनदा भावाच्या नावाने हाक मारली.

या भागात गोळी सुटली नाही, स्फोट झाला नाही. फिलर म्हणायला अगदी सोयीचा. पण पुढच्या आठवड्यात तोच शिपाई बाईंना न विचारता एकटा पुढे होईल तेव्हा तो का झाला हे आपल्याला कळलेलं असेल. बाईंची माया कशी आहे, ती समोरच्याला कशी कमीपणा आणते, आणि हे उमजूनही त्या ती आवरू शकत नाहीत, एवढं सगळं एका दोरीत आलं. मला कॅरेक्टर म्हणतात ते हे.

हा फरक आपल्याला नवा नाही. कर्णाची जन्मकथा घराघरात माहीत आहे: कुंती, सूर्य, नदीत सोडलेली पेटी. पण ती झाली बॅकस्टोरी. कर्ण समजतो तो उद्योगपर्वात. शिष्टाई फसल्यावर कृष्ण त्याला त्याचा जन्म सांगतो, तू थोरला पांडव आहेस, चल, राज्य तुझंच आहे म्हणतो. कर्ण जात नाही. वर कृष्णाला विनवतो की हे युधिष्ठिराला सांगू नकोस, कारण त्याला कळलं तर तो राज्य माझ्या हाती देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकेन. भूतकाळ उघड झाला, म्हणून तिथे एक निवड करणं भाग पडलं. फ्लॅशबॅकचा एवढा चोख उपयोग मी दुसरीकडे क्वचितच पाहिला आहे.

म्हणजे फ्लॅशबॅक वाईट, असं माझं म्हणणं मुळीच नाही. २००४मध्ये सुरू झालेल्या ‘लॉस्ट’ या अमेरिकन मालिकेचा साचाच तो होता: विमान अपघातानंतर बेटावर अडकलेली माणसं आणि बहुतेक भागांत एकेकाचा भूतकाळ. तिच्या चौथ्या भागात, ‘वॉकअबाउट’मध्ये, जॉन लॉक हा मध्यमवयीन माणूस सुरे घेऊन रानडुकरांच्या शिकारीला निघतो. अगदी शेवटी कळतं की अपघातापूर्वी तो चाकाच्या खुर्चीत होता. त्या एका दृश्यानंतर बेटावरचं त्याचं प्रत्येक पाऊल वेगळं दिसायला लागतं, मागच्या भागांतलंसुद्धा. त्याच मालिकेत २००७ साली, तिसऱ्या पर्वात, एक भाग आला तो नायक जॅकच्या दंडावरच्या गोंदणाचा. त्यासाठी आपल्याला थायलंडला फिरवून आणलं जातं. गोंदण कुठून आलं ते समजतं, पण जॅक पुढे काय करेल यात तसूभरही फरक पडत नाही. भूतकाळ सांगून सांगून संपत आला होता, हे दाखवायला तो भाग पुरेसा होता, हे मालिकेच्या कर्त्यांनीही नंतर मान्य केलं. त्याच वर्षी मे महिन्यात मालिका २०१०मध्ये संपवणार असल्याचं जाहीर झालं.

दुसरं टोक म्हणजे ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेतला २०१०चा ‘फ्लाय’ हा भाग. फ्लॅशबॅक जवळजवळ नाहीच. पैसे वाचवण्यासाठी जवळपास अख्खा भाग एकाच प्रयोगशाळेत घेतलेला. चोरून अमली पदार्थ बनवणारा वॉल्टर तिथे एका माशीच्या मागे लागतो, त्याचा जोडीदार जेसी वैतागतो. ‘काहीच घडत नाही’ ही तक्रार या भागाबद्दल आजही ऐकू येते. पण जेसी माशी मारायला शिडीवर चढलेला असताना, खालून शिडी धरून उभा असलेला, झोपेच्या गोळ्यांनी पेंगुळलेला वॉल्टर त्याच्या मेलेल्या प्रेयसीबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. तिला मरताना आपण पाहत उभे होतो, हे मात्र त्याच्या ओठांवर येता येता राहतं. आपल्याला ते ठाऊक असतं, जेसीला नसतं. पाठलागाच्या दृश्यात बसत नाही तेवढी भीती त्या शिडीपाशी बसते.

हौशी लेखक बॅकस्टोरीकडे का ओढला जातो, हेही समजून घ्यायला हवं. मालिका सुरू करतानाच त्याने वहीत प्रत्येक पात्राचं गाव, घर, जखम लिहून काढलेलं असतं. ते त्याला फार प्रिय असतं, आणि असायलाच हवं, त्यावाचून पात्र बोलतच नाही. त्यात वाचकही सारखे मागत असतात, ‘हिचा भूतकाळ सांगा ना!’ मग एखाद्या आठवड्यात मोठा प्रसंग सुचत नाही आणि वहीतलं पान तसंच्या तसं उतरवलं जातं. याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्या लेखकाच्या चुकीवर बोट ठेवायला संपादक नसतो. ते काम परीक्षण लिहिणाऱ्यानेच करायचं असतं, म्हणून आपले शब्द नेमके हवेत.

मी स्वतः असा भाग दोनदा वाचते. दुसऱ्यांदा वाचताना भूतकाळाचे परिच्छेद मनातल्या मनात झाकते आणि बघते, उरलेल्या भागात या माणसाने काही निवडलं का, आणि त्याची किंमत कुणी मोजली. काहीच उरलं नाही तर तो बॅकस्टोरीचा भाग. तसं स्पष्ट लिहावं, पण फिलर म्हणून झटकून टाकू नये, कारण साहित्य सगळं तिथेच पडलेलं असतं. आणि एखादी दोरी सापडली, तर परीक्षणात ती ओळ जशीच्या तशी उतरवावी. ‘भावस्पर्शी’ या शेऱ्याने लेखकाच्या हाती काही लागत नाही. आपली कुठली ओळ लागू पडली ते कळलं, तर पुढचा भाग लिहिताना त्याला ते कामी येतं.

हवालदारबाईंचा पहिला, चितेचा भाग माझ्याकडे आला असता तर मी त्या लेखकाला लिहिलं असतं: भाऊ काढू नका. त्याला स्मशानातून उचला आणि फलाटावर आणा, त्या बॅगेपाशी, जिथे बाईंना कुणाचं तरी हेल्मेट काढून घ्यावंसं वाटेल.